बारा पत्रे आणि आयची वलांडी

मी खोटं बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, हा माणूस खोटं बोलला असणार. भर बैठकीत मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी त्याचं खरं उत्तर दिलं. त्या खऱ्या उत्तरानं माझ्या आयची जागा गेली.

माझं नाव लहू. बोरिवलीहून होडीनं खाडी ओलांडली की आमचा कोळ्यांचा पाडा लागतो. १९७८ साली बोरिवलीत घरोघरी दिवे होते आणि आमच्याकडे कंदील. विजेचं कुणाला फारसं वाईट वाटत नव्हतं, पाण्याचं वाटायचं. ऐंशी घरांत गोड्या पाण्याची विहीर एकच, तीही टेकडीच्या पायथ्याशी, एका टोकाला. बायका पहाटे चारपासून हंडे घेऊन उभ्या. माझी बायको मंजुळा दिवसाला नऊ खेपा करायची. पहिलं पोर तिचं पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, ते हंड्यांपायी गेलं असं ती म्हणायची, आणि मला तिच्याशी वाद घालायचं तोंड नव्हतं.

विहिरीच्या पुढे समुद्राच्या अंगाला मोकळी वाळू. झाड नाही, झुडूप नाही, दिवसभर ऊन. तिथे पाड्यातल्या बायकांच्या वलांडी. वलांडी म्हणजे बांबू पुरून त्यांना एकावर एक आडवे दोर बांधायचे, आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टांगायची. दोन दिवसांत बोंबील कडक सुकतो. प्रत्येक घराची जागा ठरलेली. कागद नाही, सातबारा नाही. दसऱ्याला ज्यानं त्यानं आपल्या जागेवर बांबू रोवायचा, आणि वैशाखापर्यंत तो हलवायचा नाही. मधेच उपटला तर हक्क मोडला, जागा गावाची झाली. असा आमचा कायदा, आणि त्यावरून कधी कुणी कोर्टात गेल्याचं मी ऐकलं नाही.

विहिरीच्या अगदी समोरची वलांडी माझ्या आयची, अंजनाबाईची. तिला ती तिच्या सासूकडून मिळाली. माझा बाप काविळीनं गेला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. होडी विकली गेली, जाळी विकली गेली, वलांडी तेवढी राहिली. आय दुसऱ्यांच्या होड्यांवरून ओले बोंबील घ्यायची, सुकवायची आणि पावसाळ्यात बोरिवलीच्या बाजारात विकायची. त्या दोरांवर मी मोठा झालो, मॅट्रिक झालो, वायरमनचा कोर्स केला. माझ्या अंगाला बोंबलांचा वास येतो म्हणून वर्गातली पोरं बाकावर सरकून बसायची. तेव्हा मला त्या वलांडीची लाज वाटायची. आता कशाकशाची लाज वाटते ते विचारू नका.

मी अंधेरीला एका कंपनीत वायरमन होतो. बॅटरी चार्जर बनवणारी छोटी कंपनी. चार वर्षं झाली तरी टेंपररी. दर सहा महिन्यांनी नवीन चिठ्ठी. आमचे इंजिनियर नंदकिशोर साहेब, मुलुंडचे, चांगल्या घरचे. आवाज चढवायचे नाहीत, मला ‘अरे लहू’ म्हणायचे आणि आपल्या डब्यातली थालीपीठं द्यायचे. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या वर्षी सरकारच्या कुठल्याशा खात्यानं कंपनीला एक काम दिलं. उन्हावर चालणारा पंप, प्रयोग म्हणून, वीज नसलेल्या एखाद्या गावात बसवायचा. साहेब गाव शोधत होते. मी म्हटलं, साहेब, आमच्या पाड्यात बसवा, ऊन बक्कळ आहे आणि पाण्याची बोंब आहे. हो, मीच म्हटलं. त्या दिवशी घरी येऊन मंजुळाला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठून माझ्याकडे बघतच राहिली. तिनं मला असं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

वैशाखात साहेब जागा बघायला आले. साहेबांना दोन गोष्टी हव्या होत्या, विहीर जवळ आणि सावली नाही. त्यांनी विहिरीपुढची वाळू बघितली आणि तिथल्या तिथे नकाशात फुली मारली. आयची वलांडी आणि विहीर यांच्यामध्ये दहा-बारा फुटांची पट्टी होती, तिथे सिमेंटचा चौथरा घालून त्यावर उन्हातून वीज काढणारे काचेचे पत्रे बसवायचे. दुपारची वेळ होती, सूर्य बरोब्बर डोक्यावर. वलांडीची सावली बांबूंच्या बुडाशी गोळा झाली होती.

आय तिथेच बोंबील उतरवत होती. ती आली, साहेबांसमोर उभी राहिली आणि टाचेनं वाळूत एक रेघ ओढली, चौथऱ्याच्या जागेच्या पार आतून. म्हणाली, पौषात माझ्या वलांडीची सावली इथपर्यंत येते, आरसे इथे नका लावू. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसे हसले. सूर्य कसा डोक्यावर आहे ते त्यांनी तिला बोट वर करून दाखवलं. आणि मीही हसलो. पौषात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावली लांबते हे कोळ्याच्या पोराला शाळेत शिकावं लागत नाही. मला ते ठाऊक होतं. पण साहेब हसले म्हणून मी हसलो.

चौथरा झाला, त्यावर लोखंडी घोडा उभा राहिला, आणि घोड्यावर तिरके बारा पत्रे बसले. पत्रे म्हणजे काचेखाली बशीएवढ्या निळ्या-काळ्या चकत्या. ऊन पडलं की त्यांतून वीज निघते. बाराही पत्रे एकामागून एक जोडलेले, पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात, अशी एकच माळ. जोडणी मी माझ्या हातानं केली, साहेबांच्या नकाशाबरहुकूम. बॅटरी नाही, काही नाही, तार थेट पंपाला. ऊन आलं की पंप चालायचा, ढग आला की दमायचा.

पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा पाड्यानं नारळ फोडले. चावडीशेजारी टाकी बांधली होती, तिला चार नळ. बायकांनी पत्र्यांना हळदकुंकू लावलं, ते मी मागून चिंध्यांनी पुसून काढलं. मंजुळा नळाखाली हंडा लावून नुसती उभी होती, हंडा भरून वाहत होता तरी बंद करेना. आमचे पुढारी भिकाजी पाटील, त्यांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. अंजनाबाईच्या पोरानं गावात गंगा आणली म्हणाले. आयनं पदर डोळ्यांना लावला. पाऊस लागेपर्यंतचे ते दिवस मी पाड्यात छाती काढून फिरलो.

पाऊस गेला, दसऱ्याला सगळ्यांनी बांबू रोवले, आयनंही रोवला, तिच्याच जागेवर. कार्तिकापर्यंत पाणी झकास. मार्गशीर्ष लागला आणि पंपाची वाट लागली. सकाळी नऊला पाणी यायचं, दहा-साडेदहाला धार बारीक व्हायची, आणि ऐन दुपारी, ऊन कडक असताना, बंद. तीन वाजता परत जरा सुरू. टाकी अर्धीसुद्धा भरेना. बायका पुन्हा पहाटे हंडे घेऊन विहिरीवर. एकदा सुख बघितल्यावर परत तेच करायचं म्हणजे जास्त राग येतो. आणि तो राग माझ्यावर, कारण गंगा मी आणली होती.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, काचेवर मीठ बसत असेल, धुऊन काढ. मी रोज धुतले. म्हणाले, पंपात वाळू गेली असेल. पंप उघडला, वाळू नव्हती. भिकाजी पाटलांनी देवीला कोंबडा दिला. तेवढ्यात वरून पत्र आलं की पौषात दिल्लीचे पाहुणे प्रयोग बघायला येणार, फोटोवाले घेऊन. साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की हे पाहुणे खूश होऊन गेले की तुझी कायमची ऑर्डर माझ्या टेबलावरून जाईल. चार वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होतो.

मी रजा टाकून एक अख्खा दिवस चौथऱ्याजवळ बसलो. साडेदहाला बघितलं, आयच्या वलांडीची सावली सरकत आली आणि खालच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या पत्र्यावर चढली. फार नाही. वरच्या दोराच्या बोंबलांची सावली, हातभर रुंद, एका पत्र्यावर. बाकीचे अकरा लख्ख उन्हात. आणि टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज बसला. मी पत्र्यावर हात ठेवला, तर सावलीतलीच एक चकती चटका बसेल इतकी तापलेली. मला पहिल्यांदा कळेना. मग कळलं.

आमच्याकडे आग लागली की विहिरीपासून रांग करतात आणि हंडे हातोहात पुढे देतात. रांगेतल्या बारांपैकी एकानं जरी हात खाली सोडले तरी मागचा हंडा पुढे जात नाही, बाकीचे अकरा जण कितीही तगडे असोत. पत्र्यांचं तेच होतं. बारातला एक सावलीत गेला म्हणजे बाराव्या हिश्शाचं पाणी कमी व्हायला हवं, असं कुणालाही वाटेल, मलाही वाटत होतं. पण माळ एकच. एक अडला की सगळे अडले, आणि अडलेल्याच्या अंगावर बाकीच्यांचा जोर येतो म्हणून तो तापतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन आलो. सावली यायच्या आधी, सगळं नीट चालू असताना, मी माझा टॉवेल काढला आणि एका पत्र्यावर टाकला. पाणी बंद. टॉवेल उचलला, पाणी सुरू. साहेब बघतच राहिले. त्यांनी मला पुन्हा करायला लावलं, तीनदा, वेगवेगळ्या पत्र्यांवर. मला इतका आनंद झाला होता की विचारू नका. इंजिनियरला जे सापडलं नाही ते मला सापडलं होतं.

आणि मी तिथेच थांबलो नाही. खिशातून तारेचा तुकडा काढला, टॉवेलाखालच्या पत्र्याच्या दोन्ही टोकांना लावला, म्हणजे वीज त्या पत्र्याला वळसा घालून पुढे जाईल. टॉवेल तसाच पत्र्यावर, आणि पाणी आलं. अकरा पत्र्यांवर पंप चालला, थोडासा मंद, पण चालला. मी साहेबांना म्हटलं, प्रत्येक पत्र्याला मागून एकेक डायोड लावू. ऊन असेल तेव्हा तो गप्प बसेल, सावली आली की आपोआप वळसा देईल. बारा डायोड एका मुठीत मावतात, कंपनीच्या खणात पडलेत, मी एका दिवसात लावतो.

साहेबांनी वाकून तार नीट बघितली. मग म्हणाले, काढ ती तार.

मी विचारलं का. त्यांनी मला चौथऱ्यावर शेजारी बसवलं आणि समजावलं, अगदी मोठ्या भावासारखं. जोडणीचा नकाशा त्यांच्या सहीनं वर मंजूर झाला होता. पाहुणे यायला पंधरा दिवस होते. आता डायोड घालायचे म्हणजे आधीचा नकाशा चुकला होता असं लिहून द्यायचं, जागाही चुकली होती असं लिहून द्यायचं, मग चौकशी, मग प्रयोग थांबला, आणि मग पाणीही गेलं. त्यापेक्षा सावली हटवणं सोपं. पत्रे चुकीचे नाहीत, मधे काहीतरी आलंय, ते बाजूला करायचं. आणि मग त्यांनी वलांडीकडे बघून विचारलं की हे मासे कुणाचे.

माझ्या आयचे, मी म्हटलं.

ते म्हणाले, मग तर प्रश्नच मिटला.

च्यायला, मिटला म्हणे. मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण तार मी काढली आणि खिशात घातली. मनात म्हटलं, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. पाहुणे जातील, ऑर्डर हातात पडेल, मग मी एखाद्या रविवारी गुपचूप डायोड लावून टाकीन, कोण बघतंय. आय परत आपल्या जागेवर. सगळं इतकं सोपं दिसत होतं मला.

सावलीची बातमी पाड्यात पसरायला दुपार लागली नाही. टॉवेलचा खेळ बायकांनी नळावरून बघितलाच होता, पत्र्यामागची तार तेवढी त्यांना दिसली नव्हती. एकदा कळल्यावर पुढचं काय विचारता. आय नळावर गेली तर एकीनं तिचा हंडा बाजूला सरकवला आणि म्हणाली, तुझ्या बोंबलांनी आमचं पाणी प्यायलं. सगळ्या हसल्या. माझी मंजुळा तिथे होती, ती हसली नाही, पण बोललीही नाही. घरी येऊन मला म्हणाली, आयना म्हणावं, जरा मागे घ्या ना, काय होतंय. मी म्हटलं, मागे म्हणजे कुठे? मागे टेकडी, तिथे दुपारनंतरच ऊन. बाकी सगळ्या वाळूत लोकांच्या जागा. मंजुळा तेव्हा पुन्हा चौथ्या महिन्यात होती. ती रिकामा हंडा माझ्यासमोर ठेवून आत गेली.

आयला मी काहीच म्हटलं नाही. आणि तिनंही मला काही विचारलं नाही. रोजच्यासारखी बोंबील टांगत राहिली.

रविवारी सकाळी भिकाजी पाटलांनी चावडीवर बैठक बोलावली. पाडा सगळा जमला होता. नंदकिशोर साहेब पाहुणे म्हणून खुर्चीवर, बाकी आम्ही जमिनीवर. आय बायकांत मागे बसली होती. भिकाजी वाईट बोलले नाहीत. म्हणाले, अंजनाबाईची जागा तिच्या सासूपासूनची आहे, ती कुणी हिसकावत नाही. पण ऐंशी घरांचं पाणी एका वलांडीनं अडत असेल तर गावानं काय करायचं? आणि मग ते माझ्याकडे वळले.

“लहू, तू वायरमन आहेस, आणि पोरगाही तिचाच आहेस. तू सांग, आम्ही ऐकू. तिच्या वलांडीच्या सावलीनं पाणी थांबतं की नाही?”

सगळी चावडी माझ्याकडे बघत होती. साहेब आपल्या चपलांकडे बघत होते. तार माझ्या खिशात होती, अजून काढलीच नव्हती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की थांबतं, पण न थांबावं अशी सोय करता येते, हातभर तारेचं काम आहे. एक वाक्य. ते जिभेपर्यंत आलं. मग मला साहेबांची केबिन दिसली आणि टेबलावरून जाणारी ऑर्डर दिसली.

“थांबतं,” मी म्हटलं.

आणि गप्प बसलो. भिकाजींनी क्षणभर वाट बघितली, मला अजून काही म्हणायचं असेल म्हणून. मग त्यांनी आयला विचारलं. आय उठून उभी राहिली. मला वाटलं भांडेल. पाड्यात तिच्या तोंडाला लागायला पुरुषसुद्धा भ्यायचे. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, बराच वेळ, आणि मग म्हणाली, पोरगा सांगतो तर थांबत असेल. काढते.

त्याच दुपारी तिनं बांबू उपटले. मी मदतीला गेलो तर हात लावू दिला नाही. अर्धे ओले बोंबील टोपल्यांत भरून टेकडीच्या मागे नेले. तिथे ऊन पुरेना, दोन दिवसांत माल नासला, अळ्या पडल्या, तिनं तो खाडीत ओतला. त्या मोसमात तिनं पुन्हा बोंबील घेतले नाहीत.

पाहुणे आले. पाणी धो धो आलं. फोटो निघाले, त्यातल्या एकात मी आहे, पत्र्यावर हात ठेवून. साहेबांचं कौतुक झालं. दहा दिवसांनी मला कायमची ऑर्डर मिळाली, आणि साहेबांनी त्यात माझं नाव स्वतः तपासलं होतं, स्पेलिंगसकट. मी पेढे घेऊन घरी आलो. आयनं एक खाल्ला.

डायोड मी लावले नाहीत. आज लावू, उद्या लावू. कायम झालेल्या माणसाला कायमची भीती असते, हे मला तेव्हा कळलं. साहेबांना कळलं तर, चौकशी झाली तर. आणि फाल्गुनात पंपाच्या मोटारीत खारं पाणी शिरलं, मोटार जळली. कंपनीनं वर लिहिलं, वरून उत्तर आलं की प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे. भाद्रपदात टेम्पो आणि मोठी होडी आली, बाराही पत्रे काढून नेले. घोडा राहिला, गंजायला. मंजुळाला मुलगी झाली होती, तिला पाठीला बांधून ती परत विहिरीवर जायला लागली.

दसरा आला. आयनं पहाटे उठून बांबू धुतला, त्याला कुंकू लावलं आणि आपल्या जागेवर गेली. तिथे आधीच बांबू रोवलेला होता, भिकाजीच्या चंदूचा. चंदू म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा, नुकतंच लग्न झालेला, बायकोला वलांडी हवी होती. मी धावत चावडीवर गेलो. भिकाजी म्हणाले, कायदा तुला माहीत आहे, लहू. भर मोसमात बांबू उपटला, जागा गावाची झाली, गावानं ती चंदूला दिली. मी म्हटलं, तिनं तो गावासाठी उपटला, पाण्यासाठी. तुम्हीच म्हणालात, कुणी हिसकावत नाही. ते म्हणाले, हिसकावलं कुठे? तिनं आपणहून काढला, सगळ्यांसमोर.

मग मी बोललो. इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं ओकलो. तार, डायोड, अकरा पत्रे, साहेब काय म्हणाले ते. म्हटलं, ती वलांडी हलवायची गरजच नव्हती. चावडीवर चार-पाच माणसं होती, ती ऐकत होती.

भिकाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, “मग बैठकीत का नाही बोललास? आम्ही तुलाच विचारलं होतं.”

मी चावडीवरून उतरलो. ते चारचौघांनी बघितलं, आणि तो विषय संपला.

आय आता चंदूच्या बायकोकडे रोजंदारीवर बोंबील टांगते. तिच्याच जागेवर, तिच्या सासूच्या जागेवर. मी म्हटलं, आय, मी कायम आहे, तुला करायची गरज नाही, घरी बस. तिनं ऐकलं नाही. एक दिवस मी सुट्टीचा तिथे जाऊन बसलो. ती दोन जबडे अडकवत होती, टांगत होती, पुढचे दोन घेत होती. बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती. मला राहवलं नाही. म्हटलं, आय, मी खोटं बोललो नव्हतो. सावलीनं पाणी थांबतच होतं. पण त्यावर उपाय होता, माझ्या खिशात तार होती, मी ते तुझ्यापासून लपवलं.

ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, “ठाऊक आहे. तू तार लावलीस नि टॉवेल असून पाणी आलं, ते मी वलांडीच्या आडून बघितलं होतं.”

मी विचारलं, मग बैठकीत तू का बोलली नाहीस, तू नुसतं म्हटलं असतंस तरी मला कबूल करावं लागलं असतं.

“तुझा साहेब तिथे बसला होता ना,” ती म्हणाली. “मी बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. म्हणून उभी राहिले. म्हटलं, पोरगा स्वतःहून बोलतो का बघू.”

तिनं पुढचे दोन बोंबील घेतले. मी तिथून उठलो नाही, आणि तिच्या हातातलं काम घ्यायचं धाडसही मला झालं नाही. पाच वाजता चंदूची बायको आली आणि तिनं आयला उद्या लवकर यायला सांगितलं. आय बरं म्हणाली.